अकाउंटंट ठेवायचा की नाही: बडोद्यातल्या छोट्या ठेकेदारीचा तीन महिन्यांचा हिशेब

बिल ४,००,००० रुपयांचं. त्यावर ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), मिळून ७२,०००. कंपनीकडून येणं झालं ४,७२,०००. कंपनी मूळ रकमेवर १ टक्का टीडीएस (आपल्या नावे सरकारात जमा होणारा इन्कम टॅक्स) कापते, ४,०००. ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे कामाची हमी म्हणून थांबवलेली रक्कम, अडकवते, २०,०००. बँकेत जमा होतात ४,४८,०००. आता वहीत विक्री किती लिहायची?

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) काम करणाऱ्या छोट्या ठेकेदाराला हा प्रश्न विचारून पाहा. निम्म्या वेळा उत्तर येतं, "बँकेत आले तेवढे." तसं लिहिलं की चार लाखांची विक्री साडेचार लाखांच्या आसपास दिसते, सरकारचे ७२,००० स्वतःचे वाटतात, कापलेले ४,००० परत मागायचे राहतात आणि २०,००० तर वर्षभरानं कुणाच्या लक्षातही नसतात. अकाउंटंट हवा की नको, याचा विचार आम्ही इथूनच सुरू केला. उलाढाल किती यावरून हे ठरवायचा प्रयत्न आधी केला होता, पण त्यातून काही निघालं नाही.

धंद्याचा आकार असा: इलेक्ट्रिकल ठेकेदारी, मालकी एकट्याच्या नावावर, १४ माणसं, मकरपुरा आणि मंजुसरच्या कारखान्यांत केबल टाकणं, पॅनेल बसवणं, अर्थिंग, देखभाल. वर्षाची उलाढाल १ कोटी ३० लाखांच्या आसपास. जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न सीएच्या ऑफिसातून जायचे. रोजचं लिहिणं घरच्या माणसाकडे, रात्री जेवणं झाल्यावर. बडोद्यात 'नामुं लखनार' हा वेगळाच माणूस असतो, आठवड्यातून एकदा-दोनदा येऊन चोपडे लिहून जाणारा. तो ठेवायचा, पूर्ण वेळ कुणी ठेवायचा, की आहे तसंच चालवायचं?

जानेवारी ते मार्च, तीन महिने प्रत्येक कामाला किती वेळ जातो हे मोजलं. हेच महिने निवडले, कारण उत्तरायणाची (संक्रांतीची) सुट्टी आणि मार्चअखेर दोन्ही त्यात येतात, म्हणजे सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते दिसतं.

एका सरासरी महिन्यात विक्रीची बिलं ९, खरेदीची ४६, बँकेच्या ओळी ७० च्या आसपास आणि साइटवरच्या रोखीच्या चिठ्ठ्या १२० पर्यंत. नोंदी करायला साधारण ८ तास. हे काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. एक्सेल येणारा कुणीही दोन आठवड्यांत टॅलीवर शिकतो. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं यावर लोक तासन् तास वाद घालतात. आपल्या सीएच्या ऑफिसात जे उघडतं ते घ्यावं आणि विषय संपवावा.

खरा वेळ गेला जुळवण्यात. महिन्याला आणखी १० तास, आणि तेही सलग मिळायला हवेत. रात्री अर्धा-अर्धा तास बसून जुळवणी होत नाही. प्रत्येक वेळी कुठे होतो ते शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात.

पहिली जुळवणी २बीची, म्हणजे दुकानदारांनी आपल्या नावे दाखवलेल्या बिलांच्या यादीची. खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्याला वजा मिळतो, पण दुकानदारानं त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ते बिल आपल्या नंबरावर दाखवलं तरच. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी तयार होतो आणि आपल्याला ३बी (महिन्याचा कर भरायचं रिटर्न) भरायचा असतो २० तारखेपर्यंत. मध्ये हातात दिवस सहा. महिन्याला दोन लाखांची खरेदी असेल तर ३६,००० चं क्रेडिट. विक्रीवरचे ७२,००० वजा ३६,००० म्हणजे भरायचे ३६,०००. त्यातल्या ६३,००० च्या केबलचं बिल २बीत नसेल तर ११,३४० रुपये खिशातून जास्त भरावे लागतात, आणि कंपनीचे पैसे यायला अजून दोन महिने असतात. तीन महिन्यांत हे तीनदा झालं. दोनदा दुकानानं रिटर्न उशिरा भरला होता, तेव्हा क्रेडिट पुढच्या महिन्यात आलं. तिसरं बिल मात्र रावपुऱ्यातल्या काउंटरवर सुपरवायझरनं जीएसटी नंबर न देताच घेतलेलं. दुकानाच्या रिटर्नमध्ये ते किरकोळ गिऱ्हाइकाची विक्री म्हणून गेलं. असं बिल आपोआप कधीच येत नाही. दुकानदाराला गाठून त्याच्या पुढच्या रिटर्नमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि त्याला मुदत असते: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर ते पैसे गेले. उपाय पाच मिनिटांचा. जीएसटी नंबर आणि फर्मचं पूर्ण नाव लिहिलेला फोटो प्रत्येक सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये टाकला, आणि नंबर नसलेलं बिल ऑफिसात घ्यायचं नाही असं ठरवलं.

याच जुळवणीत आणखी एक गोष्ट सापडते. दुकानाचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. ठेकेदारीत कंपनी आपले पैसे थांबवते, आपण दुकानाचे थांबवतो, आणि सहा महिने कधी झाले ते कळत नाही.

दुसरी जुळवणी टीडीएसची. कंपनी कापते ते १ टक्का आपल्या पॅनवर जमा झालं का, हे २६एएसमध्ये (इन्कम टॅक्स पोर्टलवरचा जमा कराचा तक्ता) बघायचं. कंपन्यांचं तिमाही रिटर्न पहिल्या तिमाहीसाठी ३१ जुलैला, मग ३१ ऑक्टोबरला, ३१ जानेवारीला आणि शेवटच्या तिमाहीसाठी ३१ मेला भरायचं असतं. म्हणून या तारखांनंतर आठ-दहा दिवसांनी बघावं, त्याआधी बघण्यात अर्थ नाही. एका कंपनीचे ५,६०० दिसेनात. पॅनमधला एक आकडा चुकलेला होता. कंपनीच्या अकाउंट्स खात्याला एक मेल, दोन फोन, आणि दुरुस्ती झाली. हेच दोन वर्षांनी लक्षात आलं असतं तर त्या खात्यातला माणूसही बदललेला असता. २६एएस बघताना एआयएसही उघडावं. आपल्या उलाढालीचा इन्कम टॅक्स खात्याकडे गेलेला आकडा त्यात दिसतो आणि तो आपल्या विक्रीशी जुळायला हवा.

टीडीएसचं उलटं टोकही आहे आणि तिथे बरेच जण अडकतात. मागच्या वर्षी उलाढाल १ कोटीच्या वर गेली की एकट्याच्या नावावरच्या धंद्यालाही आपल्या लेबर ठेकेदाराचे पैसे देताना टीडीएस कापावा लागतो. एका वेळी ३०,००० च्या वर, किंवा वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर रक्कम गेली की लागू. त्यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), तिमाहीला रिटर्न द्यायचं. रिटर्न उशिरा गेलं तर दिवसाला २०० रुपये. लेबर ठेकेदाराचा पॅन नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के. म्हणून पॅन काम सुरू होण्याआधी घ्यायचा. हजेरीचे पैसे देताना मागितला तर तो "गावाला आहे" असंच उत्तर येतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू झाला, कलमांचे नंबर बदलले, पण बाजारात अजून सगळे या टीडीएसला जुन्या नंबरानं '१९४सी'च म्हणतात.

तिसरी जुळवणी माणसांची. १४ माणसांवर ईएसआयसी (कामगार विमा) लागतंच (मर्यादा १० माणसांची), पीएफची कायद्यातली मर्यादा २० असली तरी कारखान्याच्या गेटवर पीएफ कोडशिवाय माणूस आत सोडत नाहीत. दोन्हींची तारीख १५. कंपनीचं एचआर खातं बिलासोबत मागच्या महिन्याचं चलन आणि माणसांच्या नावांची यादी मागतं. ती यादी गेट पासच्या हजेरीशी जुळली नाही तर बिल तिथेच थांबतं. एक माणूस मधेच चार दिवस दुसऱ्या साइटवर गेला असेल तर एवढ्यानंही फरक पडतो. नव्या माणसाचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आता उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, म्हणजे ऑफिसात बसलेला अकाउंटंट ते करू शकत नाही. साइटवरच्या सुपरवायझरनंच करायचं. आधारवरचं नाव एक आणि बँकेतलं दुसरं, हा घोळ दर दोन नव्या माणसांमागे एकदा ठरलेला.

आणि जानेवारीत तर १४ ला उत्तरायण, १५ ला वासी उत्तरायण. सगळं बडोदं गच्चीवर, आणि पीएफची शेवटची तारीखही १५. हे काम १२ तारखेलाच उरकायचं. एक दिवस उशिराची किंमत लोकांना कमी वाटते, कारण दंड आणि व्याज छोटं असतं. पण मार्च २०२६ पर्यंतच्या नियमांत माणसांच्या पगारातून कापलेला त्यांचा वाटा मुदतीत भरला नाही तर तो खर्च म्हणून इन्कम टॅक्समध्ये धरत नसत. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये हे पक्कं केलं होतं. एक दिवस उशीर झाला तरी तेच व्हायचं.

रिटेन्शनची वही हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. ५ टक्के रक्कम बारा महिन्यांनी, दोषदुरुस्तीची मुदत संपल्यावर मिळते, पण मागितली तरच. आम्ही मागच्या दोन वर्षांची बिलं काढून यादी केली: बिल नंबर, काम संपल्याचा दाखला कधीचा, रिटेन्शन किती, कधी मोकळं व्हायला हवं. मुदत उलटलेली रक्कम निघाली १,४६,०००. त्यावरचा जीएसटी तेव्हाच भरून झाला होता, कारण बिल पूर्ण रकमेचं काढलं की कर पूर्ण रकमेवर लागतो, कंपनी किती अडकवते याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन कामांचे दाखले मिळाले नव्हते म्हणून तिथल्या इंजिनिअरकडून नव्यानं सही आणावी लागली. त्याच यादीत एका कंपनीची १८,००० ची डेबिट नोट (आपल्या येण्यातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) सापडली. कंपनीनं दिलेली केबल हिशेबापेक्षा जास्त लागली असं तिचं म्हणणं. मोजमापाच्या वहीत आपली सही होती, उरलेले तुकडे स्टोअरला परत केल्याची पावती मात्र कुणी जपली नव्हती. तिथे काही करता आलं नाही.

रोखीच्या चिठ्ठ्यांचं दुखणं वेगळं. डिझेल, टेम्पो, चहा, नट-बोल्ट, हायड्रा क्रेनचं भाडं. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली की तो खर्च इन्कम टॅक्समध्ये मान्य होत नाही. माल वाहतूकदाराला ही मर्यादा ३५,०००. क्रेनवाल्याला १२,००० रोख देऊन दोन चिठ्ठ्या करणं हा गावठी उपाय सर्रास चालतो, पण दोन्हींवर तारीख एकच असते. सुपरवायझरला ५,००० ची ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठ्या आल्या की तेवढेच पुन्हा भरायचे, आणि शनिवारी हिशेब दिल्याशिवाय सोमवारी पैसे नाहीत. ही शिस्त लागल्यावर चिठ्ठ्या १२० वरून ७० वर आल्या. बाकीच्या ५० खरं तर यूपीआयनं जाऊ शकत होत्या. फक्त यूपीआय धंद्याच्या खात्यातून जायला हवं, सुपरवायझरच्या खासगी खात्यातून गेलं की पुन्हा तोच गोंधळ.

मग असं विचारावंसं वाटतं की ४४एडी आहे की, ठरावीक टक्क्यांनी नफा धरायची सोय देणारं जुन्या कायद्यातलं कलम. उलाढाल २ कोटींच्या आत असली (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी) की ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा धरून कर भरला की इन्कम टॅक्सला वह्या दाखवाव्या लागत नाहीत. बरोबर आहे, आणि अगदी छोट्या ठेकेदाराला हे पुरतंही. पण जीएसटीला हिशेब ठेवावाच लागतो आणि वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. बँकेकडे कॅश क्रेडिट (धंद्यासाठी फिरतं कर्ज) मागितलं की ताळेबंद आणि दर महिन्याची येणेकऱ्यांची यादी मागतात. शिवाय एकदा ४४एडी घेऊन पाच वर्षांच्या आत सोडलं की पुढची पाच वर्षं ते परत मिळत नाही. त्या वर्षांत उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात. हा निर्णय सीएचा. अकाउंटंटला विचारू नये.

सीएच्या ऑफिसाविषयी एक गोष्ट समजून घ्यायला आम्हाला वेळ लागला. तिथे पाठवलेल्या कागदांवरून रिटर्न भरलं जातं. न पाठवलेला कागद त्यांच्या दृष्टीनं झालेलाच नसतो. रावपुऱ्याच्या दुकानदाराला फोन करणं, कंपनीच्या एचआरला यादी जुळवून देणं, रिटेन्शनची आठवण काढणं ही त्यांची कामं नाहीत, तेवढी फीही आपण देत नाही. पूर्वी काही चुकलं तर ३बी भरताना आकडा हातानं दुरुस्त करून वेळ मारून नेता यायची. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून विक्रीचा आकडा जीएसटीआर-१ वरून जसाच्या तसा येतो. बदलायचा तर जीएसटीआर-१ए (जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीचा फॉर्म) मधूनच. म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ तारीख हीच खरी शेवटची तारीख झाली. सिल्वासाच्या साइटचं बिल सीजीएसटी-एसजीएसटीत काढलं, तर आता ते ११ च्या आधी पकडावं लागतं, कारण स्थावर कामात साइट जिथे त्या ठिकाणाचा हिशेब लागतो आणि बडोद्याहून सिल्वासात केलेल्या कामावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या कामाचा जीएसटी) बसतो. चुकीच्या खात्यात भरलं तर योग्य खात्यात पुन्हा भरून आधीचं परत मागत बसावं लागतं.

तीन महिन्यांची बेरीज: महिन्याला १८ तासांच्या आसपास. पूर्ण वेळ माणसाला पुरेल एवढं हे काम नाही. तो आठवड्यातले बरेचसे दिवस रिकामा बसेल किंवा मग साइटवरच्या हजेऱ्या आणि बँकेच्या रांगेत अडकेल. पण रात्रीच्या अर्ध्या-अर्ध्या तासातही हे बसत नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस येणारा माणूस ठरवला, गुरुवारचा. महिन्यात चार गुरुवार, सहा-सात तास. त्याच्या वर्षभराच्या पैशांच्या बाजूला तीन महिन्यांत हाती लागलेलं रिटेन्शन आणि अडकलेला टीडीएस लिहिला, तेव्हा फार विचार करावा लागला नाही.

निवडताना दोन कामं दिली. पहिलं, वर सांगितलेलं ४,००,००० चं बिल. नोंद अशी यायला हवी: बिल काढताना पार्टीच्या नावे ४,७२,०००, जमा काम ४,००,०००, सीजीएसटी ३६,०००, एसजीएसटी ३६,०००. पैसे आल्यावर बँक ४,४८,०००, येणं टीडीएस ४,०००, येणं रिटेन्शन २०,०००, जमा पार्टी ४,७२,०००. आलेल्या चौघांपैकी दोघांनी रिटेन्शन पार्टीच्याच खात्यात बाकी म्हणून सोडलं. हिशेबाच्या दृष्टीनं ते अगदीच चूक नाही, पण मग ती रक्कम चालू थकबाकीत मिसळून जाते आणि कधी मागायची ते कळत नाही. दुसरं काम म्हणजे एका महिन्याचा २बी आणि खरेदीची वही देऊन फरक काढायला सांगणं. इथे वेगापेक्षा एक गोष्ट बघितली: न दिसणाऱ्या बिलापुढे त्यानं नुसतं "नाही" लिहिलं, की दुकानाचा फोन नंबर शोधला.

जीएसटी, इन्कम टॅक्स, पीएफ, ईएसआयसी या सगळ्या पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल मालकाचाच ठेवला. अकाउंटंटचा नंबर टाकणं सोयीचं वाटतं, ओटीपीसाठी फोन येत नाहीत. तो सोडून गेला की मग कळतं. डिजिटल सही हातात द्यायची नाही. बँकेत पैसे पाठवण्याची तयारी त्यानं करायची, मंजुरी मालकानं द्यायची. टॅलीचा डेटा आपल्या कॉम्प्युटरवर आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर.

कोणता गुरुवार कशासाठी हेही ठरलं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी विक्रीची बिलं, रिटेन्शन वही आणि ७ तारखेचा टीडीएस, दुसऱ्या गुरुवारी पीएफ-ईएसआयसी, १४ ला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या गुरुवारी २बी, उरलेल्या दिवशी बँक आणि थकबाकीची यादी. जीएसटीआर-१ ची ११ तारीख गुरुवारी येत नसेल तर बिलं आधीच्या गुरुवारी सीएकडे जातात. लाभपाचमीपर्यंत बाजार बंद असतो त्या आठवड्यात तो गुरुवार दिवाळीच्या आधी ओढून घ्यायचा, नाहीतर दुकानदार फोन उचलत नाहीत.

माणसं २० च्या पुढे गेली, किंवा महापालिकेचं काम घेतलं तर हे पुन्हा मोजायचं ठरलं आहे. तिथे २.५ लाखांवरच्या कामावर जीएसटीतच २ टक्के टीडीएस कापला जातो आणि तो पोर्टलवर वेगळा स्वीकारावा लागतो, त्याखेरीज अनामत रक्कम, सॉल्व्हन्सीचा (आर्थिक ऐपतीचा) दाखला आणि उलाढालीचं सीएचं सर्टिफिकेट. तेवढं काम एका गुरुवारात बसणार नाही.